रोलचा शेवटचा फोटो

मी, पंचाक्षरी सिद्रामप्पा हलकुडे, वय ७४ वर्षे, धंदा: पूर्वी वृत्तपत्र छायाचित्रकार, आता घरीच, रा. गंजगोलाईमागे, लातूर, ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की, निगेटिव्हची माझी लोखंडी पेटी चोरीस गेल्याची तक्रार मीच दिली होती. ती चोरी नव्हती, हे आता कळले आहे.

मी नांदेडच्या एका दैनिकासाठी लातुरातून फोटो काढत असे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाया, पुढे नवा जिल्हा, नवे कलेक्टर, सगळे मी टिपले. रोल घरीच धुवायचा आणि फोटो एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन नांदेडला धाडायचे, अशी पद्धत होती. अर्धवट रोल धुवायला जीव होत नसे. म्हणून उरलेला शेवटचा फोटो मी दारात उभे करून पत्नीचा काढी. पत्नी गंगम्मा म्हणायची, "साऱ्या दुनियेचं झालं की मग माझी बारी!"

ते पेपरात छापायचे नसल्याने मी त्यांच्या प्रती कधी काढल्या नाहीत. ती वारली. तिचा दुसरा फोटो घरात नाही. फोटोग्राफरच्या घरची ही तऱ्हा, हसायचे त्याने हसावे.

सून शांतम्मा हिने ती पेटी जुन्या एक्स-रेसोबत भंगारवाला भुजंग याला दिली. ती म्हणाली, "मामा, काळ्या फिती दिसल्या, मला वाटलं दवाखान्याच्याच हायत." मला भयंकर राग आला, अजून आहे. पण तेव्हापासून ती धड जेवलेली नाही, हेही खरे. दोघांवर माझी तक्रार नाही.

फितीवरचे चित्र चांदीचेच असते; ती चांदी काढण्यासाठी भुजंगने फिती औषधात उकळल्या. पोलिसांनी आणल्या त्या साफ कोऱ्या आहेत. एकच रोल वाचला. तो मी इथल्या ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला. नव्या जिल्ह्याची कचेरी, हार, भाषणे आहेत. शेवटी आमचे दार आहे. त्या दिवशी मी बटण दाबणार तोच गल्लीत टँकर आला. "थांबा की ओ, पाणी आलं!" म्हणत ती घागर घेऊन पळाली. बटण दाबले गेले. दारात कोणी नाही.

हा रोल मुद्देमाल म्हणून अडकवून ठेवू नये, मला परत द्यावा.

जमादारांनी जबाब वाचून दाखवला, तेव्हा मी रोल पुन्हा उजेडात धरला. वरील "दारात कोणी नाही" हे शब्द माझ्या सांगण्यावरून खोडले. चौकटीच्या कडेला पदराचे टोक आहे. ते माझी पत्नी गंगम्मा हिचे आहे. आता जबाब बरोबर आहे.