चिमीची घरची शाळा

आमच्या चिमीला शाळेत घालायचंच नाही, असं आम्ही ठरवलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं का? लातुरात राहून पोरीला क्लासेस-बॅचच्या शर्यतीपासून लांब ठेवायचं, घरीच खेळता खेळता शिकवायचं, असं बायकोचं म्हणणं. मीही मान डोलावली. चूक एवढीच झाली, की ते मी शेजारच्या काकूंना सांगितलं.

"काकू, चिमीला आता घरीच शिकवून राहिलो."

"हाव का? बॅच किती वाजताची हाय?"

"बॅच नाही हो. ती एकटीच. चिखलाची भांडी करते, पानं गोळा करते."

काकूंनी आवाज खाली आणला. "म्हणजे पर्सनल बॅच. आमच्या नातीला बी बसवा की, सर. कुणाला सांगत न्हाई मी."

मी बँकेत कारकून, पण त्या क्षणी सर झालो. आठवड्याभरात दारात चपलांचा ढीग. एका बापानं तर विचारलं, "चिखलाच्या नोट्स मिळतील का?" बायकोला कुणालाच नाही म्हणवेना, तीच सगळ्यांना शिकवायला बसली.

परवा नांदेडहून माझी बहीण आली. तिनं चिमीला विचारलं, "तू घरीच शिकतेस म्हणे?"

"न्हाई आत्या. घरी मम्मीची बॅच असते, बसायला जागा नसते. मी शाळेत जाते."