भावाने आणलेला देवमाशाचा दात

तोमासीच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, ते १९८४ साल. फिजीतल्या नऊसोरीच्या बस-थांब्यावर तो सोमवारी गुंडाळलेली चटई घेऊन रांगेत उभा होता. पुढे दोन बायका बोलत होत्या.

“वासेमाथा, भावाकडे निघालीस? दोन वर्षं तोंड बघितलं नाहीस त्याचं!”

“बघवत नव्हतं गं. लेबनॉनला शांतिसेनेत सेमी सार्जंट, माझा पेनी त्याच्याच तुकडीत. टेकडीवरच्या चौकीवर पहिलं पाठवलं ते पेनीलाच.”

“सख्ख्या भाच्याला?”

“भाचा म्हणूनच! लोक म्हणतील, मामा सांभाळून घेतो. आपलं सैन्य केवढंसं, लितिआना? निम्म्या पलटणीत नातेवाईकच. पेनी पेटीतूनच परत आला.”

“पण सेमी माफी मागायला आला होता ना, देवमाशाचा दात घेऊन?”

“आला. दारात मान खाली घालून दिवस मावळेपर्यंत बसला. दात हातात घेतला असता, तर तिथेच मिटलं असतं. मी मागच्या दाराने खेकडे धरायला गेले.”

“बाई गं! सार्जंटला दारात बसवून खेकडे?”

“हसू नकोस. लाज वाटते आता. आज सांगणार आहे, आण तो दात, घेते मी.”

वासेमाथा मागे वळली.

“दादा, तुम्ही सेमीच्याच गावचे ना? बरा आहे ना तो?”

तोमासीने चटई पाठीमागे धरली.

“बस आली, ताई. तुम्ही आधी चढा.”

तिच्या गावी निरोप अजून पोचायचा होता. सार्जंट सेमी रविवारी सकाळी, प्रार्थनेच्या आधी वारला; रीतीप्रमाणे मयताच्या घरी द्यायची चटई तोमासी त्याच्याचकडे नेत होता.