खुणा ठेवलेली पानं

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या मावशी-भाचीचं बोलणं पडलं.

"मावशी, मी पीएचडी सोडतेय. गाईडबाईंपाशी अजून चकार शब्द काढला नाही."

"त्यांना कळलंय."

"कसं?"

"तू त्या बुकमार्कच्या साइटवर लिंका साठवतेस ना, त्या तिथे सगळ्यांना दिसतात. 'पीएचडी सोडल्यावर काय करावं', 'बेकरी कशी टाकावी'. मी रोज बघते."

"अगं बाई! मला वाटलं, माझ्या मलाच दिसतात. मग बाई ओरडल्या कशा नाहीत?"

"त्यांनी तिथे काय साठवलंय, फोनवर बघ."

शिंप्याचा नंबर पुकारला. त्याने शेजाऱ्याला पुढे पाठवलं.

"कालचं आहे. 'हुशार विद्यार्थिनीला न रागावता कसं थांबवावं.'"

"आणि आज सकाळचं?"

"'दोघींनी मिळून बेकरी कशी चालवावी.'"