एका डोळ्याचा छकडा

कंकु: आणि मग?

वश्राम: मग काय! ओढ्यावरच्या अरुंद फरशीच्या बरोबर मध्यावर एकीकडून त्याची मोटार, एकीकडून माझा तीनचाकी इंजिनाचा छकडा. मी म्हटलं, घे मागे. तो म्हणतो, तू घे. मी दिवा वर केला. संपलं! मोटार गोगलगायीसारखी मागं मागं मागं...

कंकु: अहो, मुलीचे सासरे यायची वेळ झाली. गूळ नि धणे कालवून गोळधणे ताटात काढून ठेवलेत, लापशी चुलीवर आहे. तुम्हाला बाबऱ्याहून बारा खुर्च्या आणायला पाठवलं, तर तुम्ही फरशीवर लढाई करून आलात?

वश्राम: खुर्च्या आणल्याच की. लाल आणल्यात. छकड्यावर उलट्या बांधल्या, पाय आभाळाकडे. आणि लढाई मी नाही केली, त्या एलईडीने केली. काय उजेड आहे, कंकु! आपला जुना पिवळा दिवा म्हणजे देवळातली समई. आजवर हायवेवरचा जो तो माझ्या डोळ्यांत उजेडाची बादली ओतून जायचा. आज मी ओतली.

कंकु: काल संध्याकाळी शेजारच्या गीगाभाईंच्या कडुलिंबावर ओतलीत. झोपायला बसलेले मोर पहाट झाली म्हणून केकाटत उठले. त्यांच्या सासूबाई सात वाजता आंघोळ करून तुळशीला पाणी घालत होत्या.

वश्राम: पुण्यच लागलं ना त्यांना?

कंकु: भाविषा चार दिवस ओरडतेय, बापू, बल्ब तिरका बसलाय, रस्त्यावर कमी आणि आभाळात जास्त पडतोय, मी नीट करते. तिला हात लावू देत नाही तुम्ही.

वश्राम: तिची आयटीआय घरातल्या पंख्यांची. छकड्याचं शास्त्र वेगळं.

कंकु: त्याच आयटीआयने तिला विपुल दिला. चार स्थळांना नाही म्हणाली पोरगी, कारण सांगेना. शेवटी कळलं, दोन वर्षं शेजारच्या बाकावर बसून दोघं एकच पक्कड वापरत होती. आता सगळं जुळलंय. त्याच्या बापूंनी येऊन गोळधणे तोंडात घातले की पक्कं. आज मला कशात विघ्न नको.

वश्राम: मग मी दिवा कुणासाठी लावला? एवढ्या लांबून माणसं येणार, आपलं घर गल्लीच्या टोकाला. म्हटलं, छकडा दारात उभा करतो, दिवा चालू ठेवतो. व्याह्यांना वेशीवरूनच दिसलं पाहिजे, वश्रामचं घर ते!

कंकु: वेशीवरून दिसेल, आणि मग तिथून पुढे काहीच दिसणार नाही. बरं, त्या फरशीवरच्या माणसाला तोंडाने काय काय बोललात?

वश्राम: काही नाही. तुझंच गाणं.

कंकु: माझं कुठलं?

वश्राम: ते गं, उंटावरून पडलेली घागर.

कंकु: अहो! ते मांडवातलं गाणं आहे! सात गावं मला लग्नाला बोलावतात ती व्याह्यांना शिव्या गायला. ते गाणं मी भाविषाच्या लग्नासाठी राखून ठेवलंय, अजून एकाही व्याह्याला गायलं नाही. तुम्ही रस्त्यावरच्या परक्या माणसावर खर्ची घातलंत?

वश्राम: घाईत तेवढंच आठवलं. आणि काय चपखल बसलं!

कंकु: चेहरा तरी कसा होता त्याचा?

वश्राम: दिसलाच नाही. उतरून समोर आला तो डोळ्यांवर हात आडवा धरूनच. पांढरे कपडे, आवाज जाडा. माझ्या छकड्याला एका डोळ्याचं गाढव म्हणाला! म्हणून मग मी पण सोडला नाही. मागं घेत घेत थेट बाभळीत घातला.

कंकु: श्श! मोटार थांबली वाटतं. बघा हो, कोण उतरतंय ते सांगा, मी ओळखते. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. त्यांच्या घरी मी आणि माझा भाऊ गेलो तेव्हा तुम्ही भाडं घेऊन गेला होतात.

वश्राम: पांढरी मोटार आहे. एकटाच माणूस. उतरतोय... कंकु.

कंकु: काय?

वश्राम: मोटारीच्या मागच्या बाजूला बाभळीची फांदी लटकतेय.

कंकु: देवा रे! ठाकरशीभाईच ते. त्यांनी तुम्हाला पाहिलं?

वश्राम: माझ्या दिव्यासमोर कोण कुणाला बघणार?

कंकु: आवाज ऐकला?

वश्राम: तो तर बाबऱ्यापर्यंत ऐकू गेला असेल.

कंकु: मग तुमचा घसा बसला. कालपासून बसलाय. हूं आणि ऊंहूं, यापलीकडे एक अक्षर काढलंत तर बघा! भाविषा, ए भाविषा! मागच्या दाराने जा आणि छकड्यावर गोधडी टाक! आवो आवो ठाकरशीभाई, जय श्रीकृष्ण!

(ठाकरशीभाई येतात. पांढऱ्या शर्टाची एक बाही फाटलेली, हातात चेपलेला पेढ्यांचा डबा.)

ठाकरशी: जय श्रीकृष्ण, कंकुबेन. आमची मंडळी आणि विपुल मागच्या गाडीत आहेत, येतीलच. हे वश्रामभाई? राम राम.

वश्राम: हूं.

कंकु: त्यांचा घसा बसलाय कालपासून. बसा ना. पाणी घ्या. ही बाही कशी फाटली?

ठाकरशी: ते सांगतोच. बसून सांगतो. ही खुर्ची... लाल आहे.

कंकु: आमच्या गावात सगळ्यांकडे लालच.

ठाकरशी: हं. तर ऐका. मी तीस वर्षं गाडी चालवतो. माणसाला कधी धक्का नाही, म्हशीला कधी धक्का नाही. आज फरशीवर समोरून एकच दिवा आला. मी म्हटलं, मोटरसायकल आहे, जाईल कडेने. जवळ आला तर दिवा कसला, जमिनीवर उतरलेला सूर्य! मला माझं स्टिअरिंग दिसेना. माझे हात दिसेनात. त्यात तो माणूस म्हणतो, गाडी मागे घे. मागे कुठे? मला पुढचं दिसत नव्हतं, मागचं काय दिसणार? घेतली. देवाचं नाव घेऊन घेतली, तर बाभळीत. पेढे सीटखाली. बाही ही अशी.

कंकु: अरेरे! दुखलं नाही ना कुठे?

ठाकरशी: पुढे ऐका. तो गेला बाजूने, तेव्हा जाता जाता त्याचा मागचा भाग दिसला. खुर्च्यांचे पाय. लाल.

वश्राम: ऊंहूं.

ठाकरशी: काय म्हणाले?

कंकु: म्हणाले, आजकाल कुणाचा भरवसा नाही.

ठाकरशी: मी तुमचं वळण चुकून पुढे गेलो होतो, तो छकडा मात्र याच गावाकडे वळला. म्हणजे माणूस इथलाच. कंकुबेन, तुमची मुलगी मला लाखात एक वाटते. घरी विपुल दुसरं नाव काढत नाही. पण मी त्या बाभळीत उभं राहून बोललो, तो माणूस माझ्यासमोर आल्याशिवाय मी या गावचा गोळ तोंडात घालणार नाही. ठाकरशी बोलला की बोलला.

कंकु: अहो भाई, त्यात गोळाने काय केलं?

ठाकरशी: गोळाने काही केलं नाही. तोंड कडू झालंय, त्यावर गोड कसं लागेल? मला सांगा, गावात असा दिवा कुणाकडे आहे? तुमचाही छकडाच आहे ना?

कंकु: आमचा? तो... झोपलाय.

ठाकरशी: छकडा झोपलाय?

कंकु: म्हणजे गोधडी घालून ठेवलाय. थंडीत लवकर चालू होत नाही ना.

ठाकरशी: हं. उजेडाचं एक वेळ विसरलो असतो. पण तोंड काय त्याचं! तुमच्यासमोर उच्चारायला लाज वाटते. मला, पंचायतीत दोनदा निवडून आलेल्या माणसाला, म्हणाला, अरे ए, उंटावरून पडलेल्या हंड्या!

वश्राम: हंडा नाही, घागर.

कंकु: अहो!

ठाकरशी: परत बोला.

वश्राम: ऊंहूं.

ठाकरशी: नाही नाही, घसा चांगला मोकळा झालाय. बोला. घागर?

वश्राम: घागर. हंडा म्हटलं की चाल बिघडते... चुकलो, ठाकरशीभाई. मीच तो. खुर्च्या तुमच्यासाठीच आणत होतो.

ठाकरशी: मी बसलोय ती?

वश्राम: ती वरून तिसरी.

ठाकरशी: येतो मी, कंकुबेन.

वश्राम: ठाकरशीभाई, थांबा! मला बोला, मारा, बाभळीत घाला. पण पोरीवर राग काढू नका. चार स्थळांना नाही म्हटलं तिने, आणि मी आज माझ्याच हाताने... तिला मी आयुष्यात तोंड दाखवू शकणार नाही. तिने चार दिवस सांगितलं, बापू, हा दिवा कुणालातरी नडणार.

ठाकरशी: नडला.

कंकु: भाई, जायचं तर जा, मी हात धरून थांबवणार नाही. पण एक सांगा. तुमच्या थोरल्या मुलाच्या लग्नात मुलीकडच्या बायकांनी तुम्हाला काय काय गायलं?

ठाकरशी: फटाण्यांत, त्या शिव्यांच्या गाण्यांत? बरंच गायलं. मला रेडा म्हणाल्या. आमच्या हिला वाळलेली भेंडी म्हणाल्या.

कंकु: आणि तुम्ही उठून गेलात?

ठाकरशी: उठून कसा जाईन? मुलीकडच्यांचा हक्कच असतो तो. हसलो.

कंकु: मग आम्ही कोण? मुलीकडचे. तुम्ही कोण? मुलाचे बापू. शिवी पोचायची तिथेच पोचली. दोन महिने लवकर पोचली, एवढंच.

ठाकरशी: ते मांडवात असतं, बेन. फरशीवर नाही.

कंकु: मांडवात काय असतं? समोरासमोर दोन व्याही, मागे लाल खुर्च्या आणि डोळे दिपवणारा उजेड. फरशीवर यातलं काय कमी होतं?

ठाकरशी: बायका गातात ते. चालीत. हे काय, पुरुषाने येऊन नुसतं खेकसायचं?

कंकु: ते मात्र तुमचं खरं. वर यांनी अर्धंच म्हटलं. पुढची ओळ राहिली.

ठाकरशी: पुढे आणखी आहे?

कंकु: ऐका.
उंटावरून पडली घागर, तसं व्याह्यांचं ध्यान गं,
पोचे काढा, कल्हई लावा, मग द्या त्यांना मान गं!

ठाकरशी: ...पोचे काढा, कल्हई लावा.

कंकु: मग द्या त्यांना मान. बसा ना, भाई.

ठाकरशी: हं. गाडीला मागे पोचा आलाय खरा. तरी मी एकदा बोललो की बोललो.

वश्राम: माणूस समोर आला की हो. मी उभा आहे.

ठाकरशी: नुसतं उभं राहून चालणार नाही. माझ्या गाडीत बसा. माझ्या जागेवर. तो छकडा समोर आणून लावा, आणि तुमचा दिवा तुम्हीच एकदा समोरून बघा. मग बोलू.

वश्राम: एवढंच? बसतो की. मी रोज हायवेवर बघतो, मला काय त्याचं!

कंकु: भाविषा, गोधडी काढ. छकडा घे इकडे.

ठाकरशी: छकडा मुलगी चालवते?

कंकु: यांच्यापेक्षा सरळ चालवते.

वश्राम: बसलो, ठाकरशीभाई. गादी चांगली आहे हो गाडीची. कर गं चालू! ...अरे बापरे.

ठाकरशी: काय झालं?

वश्राम: काही नाही. म्हणजे काहीच नाही! ठाकरशीभाई, तुम्ही कुठे आहात?

ठाकरशी: इथेच. तुमच्या समोर, दोन हातांवर.

वश्राम: दिसत नाही. कंकु?

कंकु: मी दारात आहे.

वश्राम: दार कुठे आहे? घर कुठे गेलं? मी... मी हे घर दिसावं म्हणून लावलं होतं.

ठाकरशी: आता मोटार मागे घ्या.

वश्राम: नको! मागे गीगाभाईंची म्हैस बांधलेली असते.

ठाकरशी: मागे घे म्हणतो ना, एका डोळ्याच्या गाढवा!

वश्राम: म्हणा, म्हणा. बरोबर आहे. तुम्ही असेच तिथे बसला होतात आणि मी वरून गाणं म्हणत होतो. ठाकरशीभाई, आजवर या गावात कुणाची माफी मागितली नाही मी. तुमची मागतो. कुठल्या बाजूला तोंड करून मागू तेवढं सांगा.

ठाकरशी: तोंड उघडा.

वश्राम: आं?

ठाकरशी: उघडा म्हणतो ना. मोठं.

वश्राम: कंकु, हे काय करतायत? मला काही... हे काय घातलंत? गोड लागतंय. धणे आहेत. ठाकरशीभाई, हे गोळधणे आहेत!

ठाकरशी: आधी मी खाल्ले. विहीणबाई, ताट जरा इकडे धरा, याला आणखी एक घास देतो. रडतोय हा.

वश्राम: रडत नाही. उजेडाने पाणी येतंय.

कंकु: हो हो, उजेडानेच. अगं भाविषा, हे छकड्याच्या तोंडात हात घालून काय करतेस? दिवा का हलतोय?

वश्राम: ए, बल्बला हात लावू नकोस! ...थांब. कंकु, मला तू दिसलीस. दार दिसलं. हे कसं काय?

भाविषा: सरळ बसवला, बापू. आता दिवा खाली करते. समोरून गाडी येतेय.