पार्किंगलगतचं खाचर

आर्किटेक्ट म्हणून रत्नागिरीतली ती माझी पहिलीच सोसायटी. पावसाचं पाणी जमिनीत मुरावं म्हणून बिल्डरशी भांडभांड भांडून मी पार्किंगलगत खोलगट बाग ठेवली, तिच्यात कर्दळी लावल्या. जुलैत हौसेने फोटो काढायला गेले, तर बागेत चक्क भाताची लावणी! मंडणगडहून मुलाकडे राहायला आलेले तुकारामकाका चिखलात वाकलेले.

"काका, माझ्या कर्दळी?"

"कुंपणाला लावल्यात, जगतील. अगो बाय, एवढा चिखल नि नुसती फुलं? बघवंना मला."

"अहो, ही पाणी मुरवायची जागा आहे!"

"मग मुरू दे की. भात काय त्याला अडवतंय?"

"चेअरमन ओरडतील तुम्हाला."

काकांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. चेअरमनसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रोपं लावत होते.

काकांनी माझ्या हातात एक जुडी दिली. "चपला काढ."