किसनरावांच्या तंबोऱ्याचा सांधा

— नाही नाही ताई, दांडी धरून नका उचलू, खालून भोपळ्याले हात लावा. हां, अस्सं. भोपळा अन् दांडी जुळते तो हा सांधा, चारी तारांचा ताण इथंच येते. किड्यानं खाल्लं म्हणता? थोडं खाल्लं, हाव. सडकं कोरून काढलं, जुन्या सागाचा तुकडा बसवला, तीन दिवस आवळून ठेवला — आता हालत नाही. पण सांधा किड्यानं सुटला नव्हता. सांगू? सांगतो, आता काय, किसनराव तर गेले. त्यांच्या बाईनं तुम्हाले काऊन दिला हा? बरं, राहू द्या, मले काय करायचं.

हा कागद पाहा. भुसा. सांध्याच्या आतून निघाला. चिकटवायचा सरस फक्त कडेकडेनं, आत नुसता भुसा — असं काम कोणी करते का? म्या केलं. या जाकीरनं. दरसाल डोणगावहून तंबोरा माह्याकडंच यायचा ना. एकदा किसनरावांले म्हणलो, गुरुजी, मलेही गाणं शिकवा, आवाज बरा हाय माहा. भरल्या बैठकीत म्हणे, "जाकीर, तुह्यापेक्षा तुही करवत सुरात हाय!" सगळे हासले. चहा देणारी बाईसुद्धा हासली. म्या काय केलं? म्याही हासलो. अन् त्या साली सांधा असा बसवला — दुकानात ठणठणीत, घरी ठणठणीत, पण त्यांच्या गाण्याच्या मांडवातल्या मोठ्या दिव्यांची गरमी लागली का सरस नरम, दांडी केसभर झुकली, तार उतरली.

म्हाताऱ्याची फजिती व्हावी, एवढंच होतं मनात. पण तो तंबोऱ्याले कशाले बोलते? मांगं तंबोरा धरून एक पोरगी बसली होती, एकोणीस-वीसची. तिनं तीनदा खुंटी पिळली, तीनदा सूर उतरला. गाणं थांबवलं बुवानं. हजार माणसांत म्हणे, "बहिरी हायेस, ऊठ." उठली बिचारी. चप्पल बी विसरली, तशीच गेली. म्या तिसऱ्या रांगेत — तोंडात रुमाल कोंबला, हासू दाबायले! पुढं दरसाल तसाच सांधा. अजून दोघं हाकलले त्यानं. अन् त्या पोरीनं गाणंच सोडलं म्हणतात, मास्तरीण झाली कुठीतरी.

घ्या, जुळवून पाहा. आता उतरला तर नाव बदलीन… अरे वा. एका दमात चारी तारा? अशा हातानं तर — कोणाकडं शिकल्या हो?

कोणाकडं?

…कोणत्या साली?

रडू नका. रडता काऊन? एक सांगा मले, तवा खुंटी पिळताना सूर घसरून राह्यला हे तुमच्या कानाले समजत होतं का नाही? समजत होतं! मंग बोलल्या का नाही? म्या भुसा भरला, ताई. बहिरी तर त्यानं म्हणलं. अन् खरं तुम्ही मानलं, वीस वर्षं. त्याचंही माप माह्याच पदरात टाकता का?

असं पाहू नका माह्याकडं. खोळ घाला त्याले. काम पाह्यजे होतं, झालं. उठा. अन् जाताना दार ओढून घ्या — वाऱ्यानं लाकूड तडकते.