पेन्सिलीचे गोल

ड्रायर बझर वाजवून थांबला आणि सकाळपासून त्या दोन खोल्यांत साचून राहिलेली शांतता फुटली. डार्ला कोसिक जागची हलली नाही. कपडे काढले की घड्या आल्या, घड्या झाल्या की ते खोक्यात भरणं आलं, आणि खोकं भरलं की हे गाव सुटलंच. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

"हॅलो?… कोण?… ऑर्व्हिल! अहो, किती दिवसांनी… नाही हो, झोपलेय कसली, साडेदहा वाजून गेलेत… हो. कळलं ना तुम्हालाही? … काल. मॅच संपल्यावर आतल्या खोलीत बोलावलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत म्हणे… हो. संघाने सोडून दिला वेंडेलला… तो खाली आहे. गाडी धुतोय… काल रात्रीपासून तिसऱ्यांदा."

ऑर्व्हिल टॅगर्ट हा म्हातारा स्काउट, म्हणजे गावोगाव हिंडून बेसबॉलचे होतकरू खेळाडू हेरणारा. अकरा वर्षांपूर्वी, डार्लाचा नवरा वेंडेल अठराचा असताना, नेब्रास्कातल्या त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून, पीचचा गोड केक दोनदा मागून घेऊन खाऊन, त्याने वेंडेलची पहिल्या करारावर सही घेतली होती. तेव्हापासून वेंडेल छोट्या संघांकडून या गावातून त्या गावात खेळत आला. मोठ्या मैदानावर एकदाही पोचला नाही, पण पोचेल असं ऑर्व्हिल दर नाताळच्या कार्डावर लिहायचा.

"काय म्हणालात?… ट्रक गेला वाटतं तुमच्या मागून, ऐकू नाही आलं… ओहायोत?… दुसऱ्या बेसवाल्याचा हात मोडला… वेंडेलचीच जागा… आणि उरलेल्या मोसमासाठी माणूस हवाय त्यांना… बारापर्यंत कळवायचं? आज बारा?"

डार्ला जवळच्या खोक्यावर बसली. खोकं तिच्या वजनाने खचलं.

"नाही, रडत नाहीये… पण? तुमच्या आवाजातच 'पण' आहे, बोला… हो. तो संघाच्या आकड्यांचा कागद. आमच्याकडेही आहे एक प्रत. कॉम्प्युटरचा, कडेला भोकं असलेला. पाठ आहे मला. एकूण सरासरी हजारी दोनशे एकाहत्तर, हजार वेळा बॅट घेतली तर तेवढे फटके. आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर आपला गडी उभा असताना? शहाण्णव वेळा बॅट घेऊन आला, अठरा वेळा लागली. हजारी एकशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे काय, मैदान रिकामं असलं की वाघ आणि वेळ आली की शेळी… नाही, तसं छापलं नाही त्यांनी. वाचता येतंच ना."

"मिंडी, बाहुलीला चिकटपट्टी नको गं लावू… नाही, तुम्हाला नाही म्हटलं, पोरगी आवराआवर करतेय."

"अहो ऐका ना… हो, हो, तेच सांगतेय. त्या आकड्यात ते दिसतच नाही! दुसऱ्या बेसवर गडी, अजून कुणी आउट नाही. मॅनेजर टोपी दोनदा चेपतो. म्हणजे काय? तू आउट होऊन मेलास तरी चालेल, त्याला तिसऱ्यावर ने. वेंडेल मुद्दाम उजवीकडे खरडतो, स्वतः आउट होतो, गडी सरकतो. पुढचा येतो, उंच झेल देतो, तेवढ्यात गडी घरच्या बेसवर पळतो, धाव मिळते. टाळ्या झेल देणाऱ्याला. आणि त्या झेलाचं आउट होणं आकड्यात धरतसुद्धा नाहीत! माझ्या नवऱ्याचं मात्र धरतात… हसू नका, तुम्हीच शिकवलंत मला हे. आकडे बघून खेळाडू घेणं म्हणजे पाकिटावरचं चित्र बघून मक्याचं बी घेणं, कोण म्हणायचं?… बरं. आता नुसत्या डोळ्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही, हे मान्य. पण माझ्याकडेही आकडा आहे."

तिचा आवाज चढला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"माझी वही! अहो, स्कोअरची. मोसमातली एकूण एक मॅच आहे त्यात. मिंडी एका मांडीवर, वही दुसऱ्या. खुणेवरून दिलेला आउट असला की मी त्या चौकटीभोवती पेन्सिलीने गोल काढते… एकोणतीस. एकोणतीस वेळा त्याने स्वतःला दिलंय, ऑर्व्हिल. ते वगळा. उरले सदुसष्ट, त्यात अठरा. हजारी दोनशे एकोणसत्तर! म्हणजे एरवी जसा, तसाच. शेळीबिळी काही नाही."

पलीकडून म्हाताऱ्याने शीळ घातली असावी. डार्ला हसली, आणि हसताना तिने खिडकीकडे पाहिलं. खाली वेंडेल वाकून चाकाच्या आतला चिखल बोटाने काढत होता.

"मॅनेजरला विचारलंत?… काय म्हणाला?… आठवत नाही! माणसाला मरायला सांगायचं आणि मग आठवत नाही… मग कुणाच्या भरवशावर सांगणार त्यांना?… माझ्या?… तुमच्या नावाने? … हो, ठाऊक आहे. ऑक्टोबरात तुम्हीही काम थांबवताय. ही शेवटचीच शिफारस… अहो, असं नका म्हणू. मला कसंसंच होतं."

"तारखा? सगळ्या?… नाही, बरोबरच आहे तुमचं. त्यांनी विचारलं तर तोंडावर फेकता यायला हव्यात. धरा हं, वही घेते."

फोनची तार टेबलापर्यंत ताणली गेली. तिने वही उघडली. मोहरीचे डाग, मिंडीच्या चिकट बोटांचे ठसे.

"आहात ना?… लिहा. एप्रिलमध्ये तीन. अकरा, सतरा, आणि अठ्ठावीस. मेमध्ये… एक, दोन… सहा. तारखा सांगते… लिहिलंत? जून. पहिल्या आठवड्यात तीन. झाले बारा. मग पंधरा जून… एकोणीस… एकवीसला दोन…"

पंधरा जूनपाशी तिचा आवाज जरा खाली आला, पण ती वाचत राहिली. जून संपला. जुलै संपला. ऑगस्टचं पान उलटलं.

"…सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. बघा, बरोब्बर… तीस. अं?… थांबा जरा."

"नाही, आहे मी… तीस. एकतीस. बत्तीस… चूक नाही झाली मोजण्यात. बत्तीस आहेत."

ती वही उजेडाकडे घेऊन गेली. तार आणखी ताणली, कोपऱ्यातलं रिकामं खोकं तिच्यात अडकून आडवं झालं.

"ऑर्व्हिल, हे शेवटचे तीन माझे नाहीत."

"म्हणजे माझ्या हातचे नाहीत. मी हलकेच काढते, नखाएवढा. हे दाबून काढलेत. कागदाला वळ उठलाय मागून… दुसरं कोण हात लावणार या वहीला?… हो. त्यानेच."

पलीकडे म्हातारा बरंच काही बोलत असावा. डार्ला ऐकत होती की नाही कोण जाणे. तिचं बोट त्या तीन गोलांपैकी एकावर होतं.

"नाही… नाही, ते तीन वगळून चालणार नाही. ऐका… अहो ऐका ना माझं. ते तीन वगळले तरी खरे एकोणतीस राहत नाहीत."

"कारण त्यातले सतरा मी काढलेत… काढले म्हणजे… कुणी टोपी चेपली नव्हती. खूणच नव्हती. उगाच काढले."

"पहिला पंधरा जूनला. रविवार होता. दोन गडी बेसवर, शेवटचा डाव. त्याने दुसऱ्या बेसवाल्याच्या हातात अलगद दिला चेंडू. चारशे माणसं, आणि कुणी ओरडलंसुद्धा नाही. माझ्या मागे पिचरची बायको बसते, एरवी माझ्याशी बोलत नाही. तिने मला पॉपकॉर्न पुढे केलं. तेव्हा मला कळलं, किती वाईट झालंय ते… घरी आला. ताट समोर, हात लावेना. वही मागितली. वाचत गेला, त्या चौकटीपाशी थांबला. मी गोल काढून ठेवला होता… गाडीतच काढला होता, मिंडीला बांधता बांधता… त्याने बघितलं. आणि जेवला."

"जेवला हो, ऑर्व्हिल. दोनदा वाढून घेतलं."

"मग पुढच्या वेळी नाही कसं काढणार?"

तारेत नुसती खरखर.

"मला वाटायचं त्याला कळत नाही. टोपी चेपली की नाही, हे माझ्याआधी त्याला माहीत असणार, एवढंही माझ्या डोक्यात… किंवा होतं. असेल… तो स्वतःचा स्कोअर कधी खोटा सांगायचा नाही हो. दहावीत असताना पंचाने सेफ दिलं तर म्हणाला, नाही, मी आउट आहे. तुम्हीच ती गोष्ट सांगायचात. आणि आता हे तीन. मीच लावली ना सवय."

"काय?… हो, आहे मी. केला हिशेब. खरे बाराच. शहाण्णवातून बारा गेले, चौऱ्याऐंशी. त्यात अठरा. दोनशे चौदा… दोनशे चौदा, हो. तेच सांगा त्यांना, सांगायचंच असेल तर."

"नशीब? … असेलही. चौऱ्याऐंशी म्हणजे मूठभर दाणे, मूठभरावरून कणगी सांगू नये, खरंय. दुसरं कुणी विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण मी बघितलंय ना. जून सरल्यापासून आतल्या, अंगालगतच्या चेंडूला उशीर होतो त्याला. फार नाही. पापणी लवते तेवढाच. पिचरांनाही कळलंय, बेसवर कुणी असलं की तिथेच टाकतात… मागच्या आठवड्यात बॅटिंगच्या सरावातही झालं, कुणी बघत नसताना. मी बघत होते."

"नाही. तुमचं बरोबर आहे. नका करू ओहायोला फोन… तुम्ही असं म्हणाला नाहीत, मीच म्हणतेय. आयुष्यभराचं नाव आहे तुमचं, ते माझ्या पेन्सिलीवर नका उधळू… रागावू? तुमच्यावर? अहो…"

"भावाकडे जाऊ, नेब्रास्कात. त्याचा धान्याचा साठा आहे, ट्रक आहेत. कालच म्हणाला, या. शनिवारपर्यंत खोल्या सोडायच्यात… नाही. वेंडेलला फोनवर बोलवायला नका सांगू मला. आत्ता नको. तुमचा आवाज ऐकला की त्याला वाटेल काहीतरी झालं. दोन मिनिटं तरी वाटेल. ती दोन मिनिटं मला बघवणार नाहीत."

"सांगेन मी. तुमचा फोन आला होता, एवढं सांगेन… गोलांचं? माहीत नाही. तुम्ही काय केलं असतंत?… हं… हं… ऑर्व्हिल? ट्रक जातोय का परत? ऐकू येत नाही… हॅलो?… काय नव्हतं म्हणालात, त्याच्यात काय नव्हतं? हॅलो?"

लाइन गेली होती. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, रिसीव्हर कानाशी धरून, पुन्हा वाजेल अशा आशेने, जणू हातात धरलेला फोन वाजू शकतो. मग तिने तो जागेवर ठेवला. खाली पाण्याचा नळ बंद झाला. जिन्यावर ओल्या बुटांचा आवाज येऊ लागला, सावकाश, एकेक पायरी.

मिंडी बाहुल्यांचं खोकं ढकलत तिच्या पायांपाशी आली. वर बघत म्हणाली, "आई, मागच्या वर्षी आपण लाल टोपीवाले होतो. या वर्षी निळे. आता आपण कुणाच्या बाजूचे?"